चटका बसला की तुमच्या घरी काय लावतात?

रेवती_म

गेल्या अंगारकीला उकडीचे मोदक केले, एकवीस. दुसरा घाणा झाला का बघायला मोदकपात्राचं झाकण उचललं आणि नेहमीची चूक केली. झाकणाची माझ्याकडची कड आधी वर आली. आतली सगळी वाफ उजव्या मनगटावर. झाकण हातातून सुटलं नाही, याचंच तेव्हा मला कौतुक वाटलं.

नळाखाली हात धरला. किती वेळ? खरं सांगते, अर्धा मिनिट. पात्रात अकरा मोदक, गॅस चालू, बाहेर चंद्रोदयाकडे डोळे लावून बसलेली माणसं. सासूबाई टूथपेस्ट घेऊन आल्या, शेजारच्या काकू हळद घेऊन आल्या, दोघींचं जरा झालं, शेवटी टूथपेस्ट जिंकली. लावल्यावर गार वाटलं, हे नाकारत नाही. उरलेले मोदक वळले, पानं वाढली.

रात्री अकराला मनगट टम्म. हातात दोन काचेच्या बांगड्या आणि एक पाटली. काचेच्या फोडल्या, पाटली निघेना. साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला. त्या ओढाताणीत पेस्टच्या खपलीखालचा लिंबाएवढा फोड फुटला. सकाळी दवाखान्यात कटरने पाटली कापली आणि वाळलेली पेस्ट सलाइनने भिजवून भिजवून काढली. वाफ लागली तेव्हा मी ओरडले नव्हते. तेव्हा ओरडले.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "पाणी किती वेळ घातलंत?" मी सांगितलं. ते म्हणाले, "वीस मिनिटं घालायचं असतं."

वीस मिनिटं! स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला ती कोण देतं? असो. तुमच्याकडे काय करतात ते लिहा.

पाटावरवंटा

आई गं! वाचतानाच मनगट चोळलं मी.

आमच्याकडे कणकेचा गोळा थापतात. माहेरी निळी शाई लावायचे. वडील मास्तर, त्यामुळे घरात दौत कायम हाताशी. मावशीकडे इडलीचं पीठ, चुलतसासूबाईंकडे कॉफी पावडर. म्हणजे ज्या घरात जे हाताला लागेल ते औषध.

अण्णा६२

आमची आजी साठ वर्षं चुलीपुढे बसली. चटका बसला की गाईचं तूप. तिच्या हातावर कधी फोड पाहिला नाही. तीन पिढ्या हेच करत आलो, काही बिघडलं नाही. हल्ली बोट पोळलं तरी दवाखाना गाठतात.

निवांत_सदाशिव

अण्णा, आजीच्या हातावर फोड आला असता तरी तो दाखवायला तिला वेळ मिळाला असता का, हाही प्रश्न आहेच.

आमच्याकडे बर्फ. फ्रीजरमधला मटारचा पुडा थेट हातावर. दोन मिनिटांत गार. पुडा नंतर उसळीत.

फळा_आणि_खडू

शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून एक आकडा. उकळत्या पाण्याचा एक ग्रॅम थेंब हातावर पडला आणि अंगाच्या तापमानाला आला, तर तो साधारण ६३ कॅलरी उष्णता देतो. एक ग्रॅम वाफ हातावर आधी पाणी होते आणि त्यातच ५४० कॅलरी देऊन टाकते, वर ते ६३ वेगळे. त्यातून वाफेचा डाग दिसत नाही, ओघळ दिसत नाही. त्यामुळे "जरा वाफ लागली" म्हणून माणूस पुन्हा कामाला लागतो. रेवतीताई, तुमचं तेच झालं.

कुकरच्या आतली वाफ तर १२० अंशांच्या आसपास असते. शिट्टी चिमट्याने उचलून वाफ काढणारी मंडळी आमच्याही घरात आहेत, सांगून दमलो.

डॉ_दुपारची_ओपीडी

अण्णा, तुपाने बरं झालं हे मी खोडत नाही. वरच्या थरापुरता चटका असेल, म्हणजे नुसता लाल, झोंबणारा, फोड न आलेला, तर तो आठवड्याभरात बरा होतोच. तूप लावा, शाई लावा, शेजाऱ्याच्या नावाने बोटं मोडा, बरा होणार. श्रेय जे लावलं असेल त्याला मिळतं. असे शंभर चटके घरोघरी बरे होतात आणि शंभर औषधं सिद्ध होतात.

गडबड होते ती त्याखालच्या थरापर्यंत भाजलेलं असेल तेव्हा. फोड येतो, खालची कातडी ओली, गुलाबी, वारा लागला तरी आग होते. तिथे तूप लावलं तर आतली धग आतच कोंडते. कणीक, हळद, पेस्ट, शाई यांतलं काहीही निर्जंतुक नसतं, आणि नंतर ते खरवडून काढावं लागतं. रेवतीताईंना त्याचा अनुभव आलाच.

पाण्याचं कारण असं की तवा बाजूला झाला, तेल पुसलं गेलं, तरी कातडीत शिरलेली उष्णता खाली उतरतच राहते. वरून दिसत नाही, पण आत शिजणं चालू असतं. वाहतं साधं गार पाणी ती धग ओढून घेतं. अर्ध्या मिनिटात वरचा थर गार होतो, म्हणून आपल्याला वाटतं झालं. हात बाहेर काढल्यावर परत आग होते ना? ती खालची. म्हणून वीस मिनिटं. लगेच जमलं तर सर्वांत उत्तम, पण तासा-दोन तासांनी आठवलं तरी घाला, तीन तासांपर्यंत फायदा होतो. लावलेलं काही असेल तर ते या पाण्यातच धुऊन जाऊ दे.

पाण्याखाली हात गेला की दुसऱ्या हाताने बांगड्या, अंगठी, घड्याळ काढायचं. सूज यायच्या आधीच.

निवांत, मटार उसळीतच बरे. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात, आधीच दुखावलेल्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो आणि वर थंडीने वेगळी इजा होते. बर्फ थेट लावल्याने लहान चटक्याची मोठी जखम झालेली मी पाहिली आहे.

निवांत_सदाशिव

मान्य. मटाराचा दावा मागे घेतो.

टँकरची_वाट

सगळं पटलं, पण मी लातूरची. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं गाव आहे हे. वीस मिनिटं नळ सोडायचा हे वाक्य वाचूनच छातीत धस्स झालं.

मग मोजून पाहिलं. नळ पूर्ण सोडला तर २० लिटरची बादली तीन-साडेतीन मिनिटांत भरते. करंगळीहून बारीक धार ठेवली तर तीच बादली वीस मिनिटांना पुरते. खाली बादली ठेवायची, ते पाणी भांड्यांना नाहीतर कुंड्यांना. म्हणजे एक बादली. तेवढी आमच्याकडेही निघते.

खरी पंचाईत वेगळीच आहे. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारं पाणी अंघोळीलासुद्धा जास्त गरम वाटतं. त्याखाली भाजलेला हात धरायचा?

डॉ_दुपारची_ओपीडी

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता, आणि तो बरोबर आहे. ते पाणी नको. पाइपातलं गरम पाणी जाऊन गार येत असेल तर ठीक, नाहीतर माठातलं पाणी तांब्याने सावकाश ओतत राहा. पिंपातलं चालेल. पातेल्यात हात बुडवून बसलात तर पाणी मधूनमधून बदला, कारण ते हाताने तापतं. आणि बारीक धार पुरते. जोरदार धारेने फोड फुटतो.

पंगतवाला

केटरिंगचा धंदा आहे, सोळा वर्षं. तळणीवरचे चटके आम्ही मोजत नाही, पण दोन गोष्टी सांगतो.

पहिली, पाक. पाणी ओघळून जातं, तेलही बरंचसं ओघळतं. चिक्कीचा गुळाचा पाक जिथे पडतो तिथेच बसतो आणि पोळत राहतो. नवीन पोरगा घाबरून तो ओढतो आणि पाकाबरोबर साल निघते. ओढायचं नाही. हात पाण्यात. पाक पाण्यात आपोआप विरघळतो, त्याला किती वेळ लागतो ते त्याला ठरवू द्या.

दुसरी, साबुदाणा वडा. साबुदाणा नीट भिजला नसला की वडा कढईत फुटतो. फटाका परवडला. एकादशीला आमच्याकडे तळणीवर जुना माणूसच उभा असतो, आणि वडा सोडला की एक पाऊल मागे. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. नायलॉनचं काही अंगावर नको, ते पेटत नाही तेवढं वितळून चिकटतं.

तळणीच्या जवळ पाण्याची बादली ठेवायची नाही. कढई पेटली की माणसाचा हात आधी त्या बादलीकडे जातो, आणि पेटलेल्या तेलावर पाणी पडलं की ज्वाळा छताला. गॅस बंद, वर मोठं झाकण नाहीतर परात, आणि कढई जागची हलवायची नाही. गार होईपर्यंत झाकण उघडून बघायचंही नाही. आमच्या एका माणसाने बघितलं होतं. भुवया परत आल्या, पण वर्षभराने.

दोन_लेकरांची_आई

लिहू की नको असं झालंय, पण लिहिते. माझी धाकटी चौदा महिन्यांची होती. टेबलक्लॉथ ओढला आणि चहाचा कप तिच्या गळ्यावर, छातीवर. चहा ओतून दोन-तीन मिनिटं झाली होती, पण लहान मुलांची कातडी पातळ, त्यांना तेवढाही पुरतो.

मी पहिल्यांदा फ्रॉक काढला. कसं सुचलं माहीत नाही. भिजलेलं कापड धग धरून ठेवतं, डायपर तर जास्तच, हे नंतर कळलं. कापड कातडीला चिकटलेलं असेल तर मात्र ओढायचं नाही, भोवतीने कापायचं. मग मोरीत बसून मगाने पाणी. ती रडत होती, मी रडत होते. दहा मिनिटांत ती थरथरायला लागली. भाजलेला भाग तेवढा पाण्याखाली ठेवून बाकीचं अंग टॉवेलात गुंडाळलं. नवरा १०८ ला फोन करत होता.

आता गळ्याशी बोटाच्या पेराएवढा फिकट डाग आहे. डॉक्टर म्हणाले, पाण्याने वाचवलं. त्या दिवसापासून आमच्या टेबलावर टेबलक्लॉथ नाही आणि मूल कडेवर असताना कुणीही चहा पीत नाही. पाहुण्यांनाही सांगते. काहींना राग येतो, येऊ दे.

पाटावरवंटा

राग येऊ दे. बरं केलंस.

डॉक्टरीणबाई, पाणी झालं. नंतर काय? काहीच लावायचं नाही? बटाट्याचं काय? कोरफड? मध? आणि ते औषधाच्या दुकानात मिळणारं पांढरं मलम?

डॉ_दुपारची_ओपीडी

एकेक घेते.

पाण्यानंतर कोरडं टिपायचं, चोळायचं नाही. स्वयंपाकघरातली डबे झाकायची पारदर्शक फिल्म असेल तर रोलचे बाहेरचे दोन वेढे कापून फेकून द्यायचे आणि पुढचा तुकडा फोडावर नुसता ठेवायचा. हाताभोवती घट्ट गुंडाळायचा नाही, सूज येणार असते. ती चिकटत नाही, वारा लागू देत नाही, आणि दवाखान्यात आम्हाला आरपार दिसतं. नसेल तर धुतलेलं, सुती, लव न सुटणारं कापड. कापूस अजिबात नको, त्याचे धागे जखमेत राहतात. दुखत असेल तर पॅरासिटामॉल. फोड फोडायचा नाही, त्याच्यावरची साल हेच सर्वांत चांगलं ड्रेसिंग आहे.

पांढरं मलम म्हणजे सिल्व्हर सल्फाडायझिन. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना चालत नाही. वरवरच्या फोडांत तर त्याने जखम भरायला उलट जास्त दिवस लागतात, आणि त्याचा थर बसला की खाली किती खोल भाजलंय ते आम्हाला कळत नाही. स्वतःच्या मनाने लावू नका.

कोरफडीचा साधा गर पाण्यानंतर, न फुटलेल्या लहानशा चटक्यावर लावला तर माझी हरकत नाही. मधाचा उपयोग होतो हे अभ्यासांत दिसलंय, पण तो निर्जंतुक केलेला, ड्रेसिंगसाठी बनवलेला मध. चपातीबरोबर खातो तो नव्हे.

बटाट्याची गोष्ट मात्र रंजक आहे. मुंबईतच डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली उकडलेल्या बटाट्याच्या साली ड्रेसिंग म्हणून वापरल्याचा अनुभव प्रसिद्ध केला होता. साली जखमेला चिकटत नाहीत, ओल टिकवतात, आणि महागड्या ड्रेसिंगच्या तुलनेत फुकटच. केळीच्या पानाचं ड्रेसिंगही त्याच विचारातलं, मेणचट पान सुटताना त्रास देत नाही. पण हे सगळं रुग्णालयात, निर्जंतुक करून. त्यावरून कच्च्या बटाट्याची चकती हातावर बांधू नका, एवढीच विनंती.

अण्णा६२

म्हणजे बटाट्यात तथ्य होतं. मी एवढंच म्हणतो.

डॉ_दुपारची_ओपीडी

अण्णा, सालीत. 😄

आता हसणं बाजूला. चेहरा, तळहात, पाऊल, जांघ, सांधा यांवर फोड आला असेल; भाजलेला भाग त्या माणसाच्या स्वतःच्या तळहाताहून मोठा असेल (बोटांसकट तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का); माणूस खूप लहान किंवा म्हातारा असेल; विजेचा झटका किंवा मोरी साफ करायच्या पावडरीने भाजलं असेल, तर घरी थांबू नका. आणि जागा पांढरट, चामड्यासारखी झाली आणि दुखत नसेल तर खूश होऊ नका. तिथल्या नसा जळलेल्या असतात, म्हणून दुखत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. पाच वर्षं उलटली असतील तर विचारा.

अण्णा, तुम्ही मागे एका धाग्यावर मधुमेहाचं लिहिलं होतं. पायाला गरम पाण्याच्या पिशवीने शेक घेता का?

अण्णा६२

घेतो. का?

डॉ_दुपारची_ओपीडी

पायाची संवेदना कमी झालेली असेल तर पिशवी किती गरम आहे हे पायाला कळत नाही. सकाळी मोजा काढल्यावर फोड दिसतो. आधी दुसऱ्या कुणाच्या तरी हाताला लावून बघा, किंवा शेक सोडाच.

अण्णा६२

हे कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद. सुनेला सांगतो.

कोल्हापूरची_सून

विषय जरा बाजूला जातोय, पण लई दिवस मनात आहे. लवंगी मिरचीचा ठेचा हाताने केला की रात्रभर हात नुसते पेटतात. विस्तव कुठं नाही, फोड नाही, पण झोप येत नाही. पाण्यात किती वेळ धरू? पाण्याने तर जास्तच होतंय.

फळा_आणि_खडू

ते पाण्याने जाणार नाही. मिरचीतलं झोंबणारं द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आधी हाताला गोडंतेल नीट चोळा, नखांच्या कडांनासुद्धा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा. एकदा झाल्यावर परत तेच करा. आणि डोळ्यात काँटॅक्ट लेन्स घालत असाल तर त्या रात्री दुसऱ्याला काढायला सांगा. हे अनुभवावरून लिहितोय, शिकवताना कळलेलं नाही.

मेलबर्नकर

इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात फोडणीचं तेल बोटांवर सांडलं. आरोग्याच्या फोन सेवेवर नर्सने सांगितलं, "वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली, मी लाइनवर थांबते." मी म्हटलं, थांबायची गरज नाही. ती म्हणाली, "सगळे पाच मिनिटांत सोडतात, म्हणून थांबते." बाहेर सहा अंश, नळाचं पाणी तसंच. कुडकुडत उभा, नर्स मला फोडणी म्हणजे काय ते विचारत होती. मोहरी तडतडते हे समजावताना वेळ गेला.

रेवती_म

धागा वर काढतेय. सव्वा महिन्यानंतरची खबर.

मनगट भरलं. गुलाबी डाग आहे, बाहेर पडताना पूर्ण बाही घालते, ऊन लागलं की काळा पडेल म्हणाले. आता साल पूर्ण आली आहे, तर रात्री खोबरेल लावते. सासूबाई खूश, शेवटी काहीतरी लावायला मिळालं.

परवा त्यांनाच चटका बसला. पुरणपोळी उलटताना तव्याच्या कडेला चार बोटं टेकली. माझा हात आपोआप त्यांच्या मनगटावर गेला, सरळ मोरीशी. त्या ओढून घेतायत, "अगं पोळी करपेल, सोड." मी बांगड्या काढल्या आणि सासऱ्यांना हाक मारली. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाने उलथणं पहिल्यांदा हातात धरलं, तेही उलट्या बाजूने.

चार मिनिटांनी त्यांना वाटलं झालं. हात बाहेर काढला. आग परत. पुन्हा आत. मी मोबाइलवर वेळ लावली होती तर म्हणाल्या, ते टिकटिक बंद कर, मी माळ घेते. डाव्या हातात माळ, उजवा नळाखाली. त्यांच्या चालीने चार माळा म्हणजे एकवीस मिनिटं झाली. फोड आला नाही. दुसऱ्या दिवशी बोटं नुसती गुलाबी.

पाटावरवंटा

आणि पोळ्या?

रेवती_म

तीन झाल्या. दोन करपल्या, तिसरीतून पुरण तव्यावर. खाल्ल्या सगळ्यांनी. सासरे म्हणतात तवा खराब होता.

पंगतवाला

तव्याचा दोष नेहमीचाच. पाटली जोडून आणली का?

रेवती_म

सोनाराकडे आहे. तो म्हणतो जोडून देतो, पण आता फासा बसवून घ्या, म्हणजे निघेल तरी. बघते.